इन्फिनिटीला शार्प, जवळ सॉफ्ट : लेन्स आणि रेंजफाइंडरचं जुळवणं

प्रश्न : माझ्याकडे जुना ६×९ चा (६×९ सेंटीमीटरच्या फ्रेमचा) लिनहॉफ टेक्निका कॅमेरा आहे. त्याच्यासोबत १०० मिमीची लेन्स आणि तिचा कॅम (लेन्सची हालचाल रेंजफाइंडरला, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्रणेला, जोडणारा घासलेला धातूचा तुकडा) आला होता, ते दोन्ही मस्त चालतंय. मध्यंतरी दुसरी एक १०० मिमी एफ २.८ लेन्स मिळाली पण तिच्यासोबत कॅम नव्हता. म्हटलं फोकल लेंथ तीच आहे तर जुनाच कॅम चालेल, इन्फिनिटी स्टॉप (अगदी लांबच्या फोकसला लेन्स जिथे अडते ते थांबे) तेवढे नव्या लेन्सप्रमाणे लावून घेतले. डोंगर, इमारती एकदम शार्प येतात, पण दोन मीटरवरून पोर्ट्रेट काढलं की डोळे सॉफ्ट आणि कान शार्प. रेंजफाइंडर बिघडलाय का? ॲडजस्ट करून घेऊ का?

उत्तर : रेंजफाइंडरच्या स्क्रूला हात लावू नका. जुनी लेन्स त्याच बॉडीवर त्याच रेंजफाइंडरने नीट फोकस होतेय ना, मग तो ठीक आहे. तो फिरवलात तर नवी लेन्स धड जुळणार नाही आणि जुनी, जी आज छान चालतेय, तीही हातची जाईल.

गडबड आहे ती "फोकल लेंथ तीच आहे" या समजुतीत. लेन्सवर छापलेला १०० हा गोल आकडा असतो, खरी फोकल लेंथ ९८ असू शकते, १०३ही असू शकते, एकाच मॉडेलच्या दोन लेन्समध्येसुद्धा थोडा फरक निघतो. एसएलआर वापरणाऱ्याला याचं काही पडलेलं नसतं कारण तो लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडर मात्र लेन्समधून बघतच नाही, तो अंतर मोजतो आणि कॅम सांगतो की या अंतराला लेन्स इतकी पुढे हवी. तो कॅम ज्या लेन्ससाठी घासलाय तिच्याच हिशोबाने सांगणार, म्हणून तर लिनहॉफवाले कॅमवर लेन्सचा सिरीयल नंबर कोरायचे. तुमच्या कॅमवर बघा, जुन्या लेन्सचा नंबर सापडेल.

आता थोडं गणित करू, कारण ते केल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. इन्फिनिटीपासून लेन्स किती पुढे न्यायची हे फोकल लेंथचा वर्ग भागिले (अंतर वजा फोकल लेंथ) असं निघतं. खरी १०० मिमी लेन्स दोन मीटरला ५.२६ मिमी पुढे लागते. १०३ची असेल तर ५.५९. म्हणजे ०.३३ मिमी कमी पडले, लेन्स पुरेशी पुढे गेलीच नाही आणि फोकस पडला साधारण २ मीटर १२ सेंटीमीटरवर. डोळ्यांच्या मागे १२ सेंटीमीटर म्हणजे कान आणि केस, तुम्ही लिहिलंय अगदी तेच. उलट नवी लेन्स कॅमच्या लेन्सपेक्षा आखूड असती तर फोकस पुढे आला असता, नाक शार्प आणि डोळे सॉफ्ट.

६×९ साठी ब्लर सर्कल (बिंदूचा फिल्मवर चालून जाईल इतका पुसट ठिपका) ०.०५ मिमी धरलं तर एफ २.८ ला फिल्मपाशी मोकळीक मिळते जेमतेम ०.१४ मिमी पुढे आणि तेवढीच मागे. तुमची चूक त्याच्या दुपटीहून जास्त आहे. तीच चूक पाच मीटरला ०.१३ मिमी होते, म्हणजे काठावर पास, आणि दहा मीटरला ०.०६, जी दिसतच नाही. इन्फिनिटीला तर शून्य, कारण ते स्टॉप तुम्ही स्वतः लावलेत. म्हणूनच मी सगळ्यांना सांगत असतो की इन्फिनिटी बरोबर आली म्हणजे लेन्स जुळली असं धरून चालू नका. लेन्स जुळलीय की नाही ते जवळच्या टोकाला कळतं, तेही पूर्ण उघड्या अपर्चरला.

आता करायचं काय. आधी लेन्सच नीट बघा, पुढचा आणि मागचा सेल (काचांचे दोन भाग) शटरमध्ये पूर्ण घट्ट बसलेत का. बऱ्याच लेन्समध्ये सेल आणि शटर यांच्यामध्ये पातळ शिम (अंतर राखणारी चकती) असते, साफसफाईत ती कोणीतरी हरवतं नाहीतर परत घालायची विसरतं आणि मग दोन सेलमधलं अंतर बदलतं. असं असेल तर कॅम घासायच्या भानगडीत पडायच्या आधी ते दुरुस्त करा, नाहीतर चुकीच्या लेन्सला जुळणारा कॅम तयार होईल.

मग खरी फोकल लेंथ मोजा, तुमच्या कॅमेऱ्याचा बेलोज (घड्यांचा भाता) लांब आहे त्यामुळे हे घरीच जमतं. ग्राउंड ग्लासवर (फिल्मच्या जागी बसणाऱ्या खरखरीत काचेवर) इन्फिनिटी फोकस करून स्टँडर्डची (लेन्स धरणाऱ्या चौकटीची) जागा मार्क करा, नंतर एक पट्टी समोर ठेवून लेन्स पुढे नेत जा, जोवर पट्टीवरचे ५० मिमी ग्लासवर बरोबर ५० मिमी दिसत नाहीत. इन्फिनिटीपासून लेन्स जितकी पुढे गेली तितकीच तिची फोकल लेंथ. लूप (भिंग) लावून दोन-तीनदा मोजलंत तर अर्ध्या मिलीमीटरपर्यंत भरवशाचा आकडा मिळतो. हेच जुन्या लेन्सचंही करा, दोघींमधला फरक कळला की सगळं कोडं सुटतं.

इन्फिनिटी म्हणून मात्र समोरचा विजेचा खांब धरू नका. १०० मीटरवरच्या वस्तूला १०० मिमी लेन्स ०.१ मिमी पुढे लागते आणि आपली सगळी मोकळीक ०.१४ची आहे. एक किलोमीटरवर हाच आकडा ०.०१ होतो, म्हणून लांबचा टॉवर, डोंगराची कड नाहीतर चंद्र घ्या.

कायमचा इलाज म्हणजे या लेन्ससाठी वेगळा कॅम घासून घेणं. टेक्निका III पर्यंतचे कॅम लेन्ससोबत त्या बॉडीलाही जुळवलेले असायचे, १९५६ साली आलेल्या IV पासून बॉडी एकसारख्या झाल्या आणि कॅम फक्त लेन्सचा राहिला. तरी काम करणाऱ्याकडे बॉडीही पाठवा असंच मी म्हणेन, इतक्या वर्षांत तिच्याशी कोण काय खेळलंय ते सांगता येत नाही. आणि कृपा करून जुना कॅम घरी कानशीने घासून नव्या लेन्सचा करायला जाऊ नका, घासलेला धातू परत येत नाही आणि तो कॅम जुन्या लेन्सचा आहे.

कॅम मिळेपर्यंत पाच मीटरच्या आतलं सगळं ट्रायपॉडवर ग्राउंड ग्लासने फोकस करा. हातात धरूनच काढायचं असेल तर एफ ८ ला जा, तिथे मोकळीक ०.४ मिमी होते आणि ०.३३ची चूक त्यात कशीबशी मावते, पण एफ २.८ची लेन्स एफ ८ ला वापरायची म्हणजे जीवावर येतं हे मला मान्य आहे.

प्रश्न : मामिया प्रेस सुपर २३ कॅमेऱ्यावर १०० मिमी बरोबर, पण १५० मिमी सगळ्याच अंतरांना चुकते, अगदी इन्फिनिटीलासुद्धा. हाही फोकल लेंथचाच फरक का?

उत्तर : नाही, तुमची केस वेगळी दिसतेय. प्रेसच्या लेन्सला स्वतःचं हेलिकॉइड (फोकससाठी फिरणारी आट्यांची नळी) आणि स्वतःचा कॅम असतो, फोकल लेंथचा हिशोब लेन्समध्येच केलेला असतो. इन्फिनिटीपासूनच चूक सुरू होते म्हणजे लेन्स आख्खी पुढे किंवा मागे बसलीय. शिम गेली असेल, किंवा कोणी ग्रीस बदलताना हेलिकॉइड उघडून चुकीच्या आट्यावर परत लावलं असेल. सगळ्या लेन्स सारख्याच चुकत असत्या तर मी बॉडीच्या रेंजफाइंडरवर संशय घेतला असता, एकच चुकतेय म्हणजे काम लेन्सचं आहे.

त्याआधी एवढं बघा की सुपर २३ चा मागचा बेलोज पूर्ण आत जाऊन लॉक झालाय का, तो जरा जरी बाहेर असेल तर रेंजफाइंडरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. आणि तपासणी फक्त ग्राउंड ग्लासवर थांबवू नका, रोल फिल्मची बॅक लावून एक रोल खर्च करा, कारण ग्लास आणि फिल्म एकाच प्रतलात आहेत याची खात्री फिल्मच देते. ज्यांच्या कॅमेऱ्याला ग्राउंड ग्लासच नाही त्यांनी मागचं दार उघडून, शटर बी वर लॉकवाल्या केबल रिलीजने उघडं ठेवून, फिल्म गेटवर ग्लासचा तुकडा धरावा, खरखरीत बाजू लेन्सकडे, आणि तो आतल्या रेल्सवर टेकवावा. बाहेरच्या रेल्स प्रेशर प्लेटसाठी (फिल्म सपाट ठेवणाऱ्या मागच्या पट्टीसाठी) असतात, तिथे ठेवलात तर सगळं माप चुकेल.

प्रश्न : मामिया ७ ची २१० मिमी लेन्स घेतोय. रेंजफाइंडरशी जुळवून मिळेल का?

उत्तर : ती मुळात रेंजफाइंडरला जोडलेलीच नाही. ४३ पासून १५० पर्यंतच्या लेन्स जोडलेल्या आहेत, २१० एफ ८ ला अंतर स्केलवर लावावं लागतं, व्ह्यूफाइंडरही वेगळा लावायचा. इतक्या लांब लेन्सला लागणारी अचूकता त्या बॉडीच्या छोट्या बेसच्या (दोन खिडक्यांमधल्या कमी अंतराच्या) रेंजफाइंडरमधून मिळत नाही. बॉडीच्या रेंजफाइंडरने अंतर मोजून ते स्केलवर उतरवता येतं, पण लांबच्या अंतरांना ते फार ढोबळ पडतं. लँडस्केप काढणार असाल तर एफ २२ ला ४० मीटरवर लावा, साधारण २० मीटरपासून पुढे सगळं मिळेल. पोर्ट्रेटसाठी घेत असाल तर नका घेऊ, १५० घ्या.