केळीवर कुणी चढत नाही

तुझी गोष्ट वाचली. माणसं खरी उतरली आहेत, पण रावेरच्या मळ्यात नायक केळीच्या झाडावर चढून लपतो, तिथे मी अडखळलो. केळीला लाकूड नसतं रे. ते खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ. माणसाचं वजन कसं पेलणार? लपवायचंच असेल तर बांधावरच्या निंबावर चढव.

आणि महिना सांभाळ. मोहाची फुलं तू श्रावणात वेचायला लावलीस. सातपुड्यात मोह फाल्गुन-चैत्रात फुलतो. फुलं रात्री गळतात, म्हणून बायामुली पहाटेच टोपल्या घेऊन निघतात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलंही येतात. तुझ्या प्रसंगाला हवी असलेली भीती झाडाखालीच आहे, वेगळा वाघ कशाला?

कपाशीचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. रात्र सरली हे सांगायला एवढं पुरतं. मला हे फार आवडतं.

होळीच्या सुमारास यावलकडे वही घेऊन जा. प्रत्येक झाडाला तिथल्या बोलीत काय म्हणतात, तेही माणसांना विचारून लिहून घे.