चाक फिरतंय, पण गाडी हलत नाही : वाचकांचे गाडीविषयीचे प्रश्न

प्रश्न : मी मंगळवेढा तालुक्यात दूध संकलनाचं काम करतो. वस्त्या आडबाजूला आहेत म्हणून यंदा फोर बाय फोर गाडी घेतली. मागच्या पावसात पाणंदीत उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत ती अडकली. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जागेवरच फिरू लागलं, पिवळा दिवा लुकलुकला आणि खालून कर्रकर्र, कटकट असा आवाज आला. काहीतरी तुटतंय असं वाटून मी लगेच अॅक्सिलरेटरवरून पाय काढला. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. आमचे मेस्त्री म्हणतात, डिफरेन्शियल लॉक नाही, तर ही गाडी नावालाच फोर बाय फोर. गाडीत काही बिघाड आहे का?
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : बिघाड नाही. तो आवाज ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला आवरणारी यंत्रणा, कामाला लागल्याचा होता, आणि ते कामाला लागलं त्याच क्षणी तुम्ही पाय काढलात. होटगी रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजमध्ये पावसाळ्यात हीच तक्रार सारखी येते. विकताना कुणी हे समजावून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्यासारख्या गाडीत फोर बाय फोर टाकलं की ट्रान्सफर केस नावाची गिअरपेटी पुढचा आणि मागचा अॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) एकमेकांना बांधते. पण प्रत्येक अॅक्सलच्या पोटात साधा डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच, असतोच. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, त्यासाठी तो लागतो. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो आणि तिथंच अडचण होते. जुवाला दोन बैल जुंपलेत आणि एक ढिला पडला, तर जू तिरकं होतं. दुसरा कितीही तगडा असला तरी औत ओढलं जात नाही. लोंबकळणाऱ्या चाकाला फिरायला समजा ५० न्यूटन मीटर जोर पुरतो, तर पलीकडच्या घट्ट जमिनीवरच्या चाकालाही ५०च मिळतो. तेवढ्यात भरलेली गाडी काय हलणार? तुमची तर तिरप्या रेषेतली दोन चाकं अधांतरी होती, म्हणजे दोन्ही अॅक्सल एकदमच निकामी झाले.

आता ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं ते पाहा. प्रत्येक चाकापाशी एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) वेग मोजणारा सेन्सर असतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच जोरात फिरतंय असं कंट्रोल युनिटच्या लक्षात आलं, की एबीएसचा पंप फक्त त्याच चाकाचा ब्रेक लावतो. तुम्ही ब्रेकच्या पेडलला पायही लावलेला नसतो. वरच्या उदाहरणात त्या चाकाला ब्रेकनं ५०० न्यूटन मीटरचा अडथळा केला, तर डिफरेन्शियलला त्या बाजूला ५५० लावावे लागतात, आणि दोन्हीकडे सारखाच जोर द्यायचा हा त्याचा स्वभाव असल्यामुळे घट्ट जमिनीवरच्या चाकालाही ५५० मिळतात. गाडी त्यावर निघते. ब्रेक एकसंध दाबला जात नाही, व्हॉल्व्ह भराभर उघडझाप करतात. तुम्ही ऐकलेली कटकट ती हीच.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चाक थोडं घसरल्याशिवाय ही यंत्रणा जागीच होत नाही. आणि ब्रेकनं अडवलेला जोर इंजिनकडून यायला हवा, म्हणजे तुमचा पाय स्थिर हवा. फोर लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त) टाका, दुसरा गिअर, आणि डिझेल गाडी असेल तर इंजिन १५०० ते २००० आरपीएमच्या आसपास धरून ठेवा. दिवा लुकलुकू द्या, कटकट होऊ द्या, चाकं एकदोन क्षण फिरू द्या. गाडी आधी जागेवर हिसके देते, मग हळूच पुढं सरकते. पाय दाबून सोडणं, पुन्हा दाबून सोडणं यानं यंत्रणेचा हिशेब दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो. एकदम रेस देऊन चाकं भिरभिरवलीत तर तीच चाकं खड्डा खणतात.

अजून एक. टू हाय (नेहमीच्या वेगात दोनच चाकांना ताकद) आणि फोर हाय (नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद) मध्ये हीच यंत्रणा ब्रेक लावण्याबरोबर इंजिनची ताकदही कापते. ओल्या डांबरावर ते योग्य आहे, पण चिखलात अॅक्सिलरेटर मेल्यासारखा वाटतो. बऱ्याच गाड्यांत फोर लो टाकलं की ही कपात आपोआप थांबते आणि ब्रेकचं काम चालू राहतं. तुमच्या गाडीत तसं आहे का, हे सोबतच्या पुस्तिकेत बघा. ते पान पाऊस यायच्या आत वाचून ठेवा.

मेस्त्रींचं म्हणणं अर्धं खरं आहे. डिफरेन्शियल लॉक एका अॅक्सलची दोन्ही चाकं आधीच एकत्र बांधतो, घसरण्याची वाट बघत नाही, ब्रेकही तापत नाहीत. फोर्स गुरखासारख्या गाडीत तो पुढंमागं दोन्हीकडे मिळतो आणि खडकाळ चढावर त्याला तोड नाही. पण बऱ्याच गाड्यांत लॉक फक्त मागं असतो. ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या चाकांवरही काम करतं आणि स्टिअरिंग जड होत नाही. मारुती जिमनीसारखी गाडी लॉकशिवाय, केवळ ब्रेकच्या जोरावर चाकोऱ्या पार करते. दुधाचे कॅन घेऊन रोज वस्त्यांवर जाणाऱ्यानं बाहेरून लॉक बसवायचा खर्च करण्याआधी टायर चांगले घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण आपली काळी माती. ट्रॅक्शन कंट्रोल जोर इकडचा तिकडे देतं, पकड निर्माण करत नाही. भिजलेली रेगूर टायरच्या नक्षीत ठासून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. चारही चाकं तशी झाली की जोर द्यायला घट्ट चाकच उरत नाही. खोल, रुंद नक्षीचा टायर फिरताना चिखल बाहेर फेकतो. गाडीचं पोट भुईला टेकलं असेल तर लगेच थांबा आणि खोरं काढा. ब्रेक फार तापले की ही यंत्रणा स्वतःला काही वेळ बंद ठेवते, तेव्हाही थांबा. सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस जोर धरतो, तेव्हा दूध थोडं उशिरा गेलेलं चालत असेल तर रानात वापसा येऊ द्या.

प्रश्न : एबीएस आणि ट्रॅक्शनचा, दोन्ही दिवे एकदम पेटून राहिलेत. दोन वेगळे बिघाड आहेत का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : बहुधा एकच. दोन्ही यंत्रणा त्याच सेन्सरवर चालतात. चाकाच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल धुऊन घ्या, सेन्सरची वायर कुठं घासली किंवा तुटली आहे का बघा. तरीही दिवे गेले नाहीत तर स्कॅनर लावून नेमकं कोणतं चाक ते कळतं. त्याशिवाय पंप बदलायला होकार देऊ नका, तो फार महाग पडतो. दिवे पेटलेले असताना साधे ब्रेक लागतात, पण चिखलातली मदत मिळणार नाही.

प्रश्न : पावसात पुणे हायवेवर फोर हाय टाकून चालवावं का?
– एक वाचक, सोलापूर शहर

उत्तर : तुमची गाडी टू हाय, फोर हाय, फोर लो अशी असेल, तर डांबरावर नको. अशा गाडीत पुढचा आणि मागचा अॅक्सल यांच्या दरम्यान डिफरेन्शियल नसतो, त्यामुळे फोर हाय मध्ये वळणावर दोन्हींची ओढाताण होते, गाडी अडखळते आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. टू हाय मध्येच राहा, ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवा आणि वेग कमी करा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असू द्या. एक जरी लहान असला तरी ते चाक सतत जास्त फिरतं आणि सेन्सरला ते घसरल्यासारखं वाटू शकतं.