गोळ्या सुटल्या, मग झोप का परतत नाही?

प्रश्न : पाठीच्या दुखण्यासाठी सुरू झालेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या माझ्या २६ वर्षांच्या मुलाला दोन वर्षे सुटल्या नव्हत्या. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या बंद झाल्या. अंगदुखी, जुलाब, नाक गळणे दहा दिवसांत थांबले. झोप मात्र परतलेली नाही. रात्रभर तो बाहेरच्या सोप्यावर पाय हलवत बसतो आणि पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजल्यावर कुठे त्याचा डोळा लागतो. त्याचे वडील म्हणतात, ही सोंगे आहेत. शेजारणीने स्वतःच्या झोपेच्या गोळ्या देऊ केल्या आहेत. द्याव्यात का?
— एक आई, डिचोली

उत्तर : शेजारणीच्या गोळ्या कृपा करून देऊ नका. आणि ही सोंगे नाहीत, हे त्याच्या वडिलांना हा मजकूर वाचून दाखवून सांगा.

मेंदूच्या बुंध्याशी लोकस सेरुलिअस नावाचा पेशींचा इवलासा पुंजका असतो आणि तो नॉरअॅड्रेनलीन हे रसायन सोडून आपल्याला जागे व सावध ठेवतो. ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या जातीची सर्व औषधे या पेशींना दाबून धरतात. पण रोजच्या दाबाला तोंड देण्यासाठी पेशी आपली आतली यंत्रणा हळूहळू वाढवत नेतात, त्यामुळे औषध थांबताच, भरतीच्या वेळी खाजनातल्या मानशीची (खाडीकाठच्या शेतबांधातल्या पाणी अडवणाऱ्या फाटकाची) दारे निखळावीत तसा तो साठलेला जोर एकदम बाहेर पडतो. छातीतली धडधड, घाम आणि टक्क जागेपण बरेचसे इथूनच येते. ट्रॅमाडॉल तर नॉरअॅड्रेनलीन आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनांच्या व्यवहारातही ढवळाढवळ करते.

हा पहिला उसळा ओसरल्यावरही जागरण का टिकते, याचा एक धागा ओरेक्सिनमध्ये सापडतो. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या मोजक्या पेशी बनवत असलेले हे रसायन १९९८ साली ओळखले गेले आणि जागृती टिकवणे हे त्याचे मुख्य काम आहे. हेरॉइनचे व्यसन असलेल्या मृत व्यक्तींच्या मेंदूंत ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी सरासरी ५४ टक्के जास्त आढळल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले; उंदरांमध्ये तर मॉर्फीन थांबवल्यानंतरही ही वाढ चार आठवड्यांपर्यंत टिकली. शिवाय, गोळ्यांवर असताना येणारी गुंगी म्हणजे झोप नव्हे, कारण ही औषधे गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही कमी करतात. तुमच्या मुलाची झोप दीड महिन्यापासून नव्हे, दोन वर्षांपासून बिघडलेली आहे, असे मी म्हणेन.

मला खरी काळजी वाटते ती रात्री तीनच्या सुमाराची. अशा वेळी जुनी गोळी आठवते, आणि सवय मोडलेल्या शरीराला पूर्वीचाच डोस आता जीवघेणा ठरू शकतो. त्यात शेजारणीची झोपेची गोळी मिसळली तर श्वास मंदावण्याचा धोका आणखी वाढतो. घरात जुन्या गोळ्या उरल्या असतील तर आजच काढून टाका.

त्याला बांबोळीच्या मनोरुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा न्या. लोकस सेरुलिअसला शांत करणारे क्लोनिडिनसारखे औषध रक्तदाब उतरवते, म्हणून त्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. पायांच्या अस्वस्थतेसाठी शरीरातले लोह तपासून घ्यावे. निद्रानाशावर बोधात्मक वर्तन उपचारही (झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याची पद्धत) आहे. त्यातला एक नियम तुम्हाला घरीच सुरू करता येईल. झोप कितीही थोडी झालेली असो, उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची. पोदेराच्या हॉर्नला तो आज झोपतो आहे. डॉक्टरांशी बोलून हळूहळू तीच त्याची उठण्याची वेळ करा, आणि सोप्यावरच्या रात्री वडिलांना त्याच्या शेजारी बसायला सांगा.