पिल्ले तोडली, पण मादी माजावर येत नाही

पहिल्या वेताच्या तीन यॉर्कशायर डुकरिणींची पिल्ले तोडून (आईच्या दुधापासून वेगळी करून) पंधरा दिवस झाले, माज दिसला नाही, इंजेक्शन द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. त्याआधी दूध पाजण्याच्या काळातला खुराक तपासा. बहुतेक वेळा घोडे तिथेच अडलेले असते.

पिल्ले अंगावर पीत असतात तोवर माजासाठी लागणारे एलएच संप्रेरक दबलेले राहते. पिल्ले तोडली की ते वाढते आणि अंगाने चांगली भरलेली मादी साधारण चौथ्या ते सातव्या दिवशी माजावर येते. व्याल्यापासून तिचे वजन दहा-बारा टक्क्यांहून जास्त उतरले असेल, तर माज लांबतो. पहिलारूला हा फटका फार बसतो, कारण तिची स्वतःची वाढ चालूच असते आणि भूक मात्र जुन्या मादीपेक्षा कमी.

हिशोब सोपा आहे: मादीचे 2 किलो आणि पिल्लामागे अर्धा किलो. दहा पिल्ले असली तर रोज 7 किलो खाद्य, तीन-चार वेळा विभागून. नुसत्या हॉटेलच्या खरकट्यावर हे भागत नाही. त्यात पाणी फार, पोट भरते पण प्रथिने कमी पडतात. गाभण असताना लठ्ठ झालेली मादीही व्याल्यावर नीट खात नाही. शेड 25 अंशांच्या वर तापले की खाणे आणखी घटते, म्हणून उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि रात्री द्या. पाण्याच्या निपलखाली माप धरून बघा, अर्ध्या मिनिटात एक लिटर भरलेच पाहिजे. बुरशीचा मका तर अजिबात नको. त्यातल्या विषाने योनी सुजते, खोटा माज दिसतो.

आता नर वापरा. दहा महिन्यांवरचा, लाळ गाळणारा नर दिवसातून दोनदा 10-15 मिनिटे नाकासमोर आणा, मग दूर न्या. कायम शेजारी बांधला तर माद्यांना त्याची सवय होते. तो समोर असतानाच कमरेवर दाबा. कान ताठ करून मादी खांबासारखी उभी राहिली, तर माज पक्का.

पंधरा दिवसांत माज येऊन नजरेतून सुटलाही असेल. तसे असेल तर पुढचा 21 दिवसांनी, म्हणजे तोडल्यापासून 25 ते 28 व्या दिवसाच्या आसपास येईल. तेव्हा सकाळ-संध्याकाळ बघा. माज येऊन गेलेल्या मादीला पीएमएसजी-एचसीजीचे (माज आणणाऱ्या संप्रेरकांचे) इंजेक्शन दिले तर उपयोग होत नाही, म्हणून आधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्या.