लीड्सजवळ जुन्या उकिरड्यात व्हिक्टोरियन बाटल्या शोधायच्या आहेत. खणायचं कसं, वय कसं ओळखायचं, आणि पुण्यातल्या भावाला हेच तिथं करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या शेतकऱ्याच्या जमिनीत वीटभट्टीचा बुजलेला खड्डा आहे, तिथं खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटल्स माजलीत आणि सशांनी उकरलेल्या मातीत निळ्या-पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे दिसतात. जागा बहुतेक खरी आहे. पण सशांच्या मातीत राख आहे का, हे आधी बघा. या छंदात सगळं राखेवर ठरतं.

त्या काळी घरोघरी कोळसा जळायचा, त्यामुळे कचऱ्यात निम्म्याहून जास्त राखच असायची. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर गावोगावच्या पालिका तो कचरा गाड्यांनी उचलून नेऊ लागल्या आणि मातीच्या खाणी, दगडखाणी, दलदलीच्या जागा त्यानं भरल्या. राख भुसभुशीत असते, म्हणून तिच्यात काच शंभर-सव्वाशे वर्षं धडधाकट राहते. राखेऐवजी नुसती तांबडी माती आणि चार तुकडे दिसत असतील, तर ते बहुधा खतासोबत शेतात आलेले असतात. तिथं घाम गाळू नका.

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे जुने २५ इंची (मैलाला २५ इंच) नकाशे फुकट बघता येतात, इंग्लंडचेसुद्धा. एकाच जागेच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवा. आधीच्या नकाशात खड्डा आहे आणि पुढच्यात नाही, म्हणजे मधल्या वर्षांत तो भरला. १८८० ते १९१४ च्या दरम्यान भरलेला खड्डा सगळ्यात चांगला.

फावडं लावण्याआधी मालकाची लेखी परवानगी हवीच. सापडलेल्या वस्तू कुणाच्या आणि खड्डा बुजवायचा कुणी, हेही त्यातच लिहून घ्या. जागा संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही ना, हे वारसास्थळं सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेच्या यादीत तपासा. तिथं विनापरवाना खणणं १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

हत्यारं थोडीच लागतात: चार काट्यांचा गार्डन फोर्क, फावडं, तीन काट्यांचा हातखुरपा, आणि आडवी मूठ जोडलेली ८ मिलीमीटर जाडीची, सव्वा-दीड मीटर लांबीची पोलादी सळई. सळई ठोकायची नाही, अंगाच्या वजनानं हळू दाबायची. राखेत ती करकरत सहज जाते, चिकणमातीत अडते आणि काचेला लागली की टणक टिचकी मुठीपर्यंत येते. भरावाची हद्द अशी कळली की ६० सेंटिमीटर चौरसाचा एक चाचणी खड्डा घ्या, खोली एक मीटरपर्यंत. आट्यांच्या झाकणाच्या बरण्या आणि तोंडापर्यंत साच्याची रेघ (साच्याचे दोन भाग जुळतात तिथं उमटणारी उभी रेघ) गेलेल्या बाटल्याच निघत असतील, तर तो भराव पहिल्या महायुद्धानंतरचा. बुचाची तोंडं, गोटीच्या बाटल्यांचे तुकडे, छापील मजकुराच्या टूथपेस्टच्या डब्यांची झाकणं निघाली, तर पुढे जा. खाली पिवळी चिकणमाती लागली की भराव संपला.

आता एक गोष्ट, जी नवखे हमखास विसरतात. जितकं खोल तितकं जुनं, हा नियम इथं अर्धाच खरा. गाड्या खड्ड्याच्या काठावरून कचरा ओतत, त्यामुळे थर तिरपे बसलेत. जुना माल ओतायला सुरुवात झाली त्या काठाकडे असतो. चाचणी खड्ड्याच्या भिंतीत राखेच्या रेघा कोणत्या बाजूला चढतात ते बघा आणि चढाच्या बाजूला सरका.

चर सव्वा मीटर रुंद, दोन मीटर लांब पुरतो. हिरवळ कापून ताडपत्रीवर वेगळी ठेवा, माती चराच्या काठापासून एक मीटर लांब टाका. सव्वा मीटरपेक्षा खोल जायचं असेल, तर बाजू पायऱ्यांसारख्या मागे घ्या. आणि भिंतीत आडवं बीळ कधीही पाडू नका. समोर बाटलीचं बूड दिसतं, हात आत जातो आणि मग खांदाही. कोरडी राख सरळ उभी राहते, भेग दाखवत नाही आणि एकदम बसते. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या आसपास असतं. छातीवर अर्धी आली तरी श्वास घेता येत नाही. माणसं गेलीत यात. भिंत नेहमी वरून खाली उतरवत आणा, आणि एकट्यानं खणू नका.

बाटली दिसली की गळा धरून ओढायची नाही. पोट जळक्या कोळशाच्या ढेपांत अडकलेलं असतं आणि खांद्यापाशी ती मोडते. बुडाखालची राख काढा, मग ती आपोआप हातात येते. कातडी हातमोजे, पोलादी टोकाचे बूट, बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क आणि धनुर्वाताची लस यांत तडजोड नको. तंतू सुटलेले करडे पत्रे दिसले तर ॲस्बेस्टॉस समजून तिथंच थांबा. बूच शाबूत आणि आत द्रव असलेली बाटली उघडू नका. निळ्या किंवा हिरव्या, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या बाटल्या विषाच्या. अंधारात हाताला कळावं म्हणून कंगोरे.

वय ओळखताना आधी साच्याची रेघ बघा. गळ्यातच विरली तर तोंड हातानं घडवलेलं. ओठावरून पार गेली तर यंत्राची. ओवेन्सचं बाटल्या बनवणारं स्वयंचलित यंत्र १९०३ चं, तेव्हा ती बहुधा त्यानंतरचीच. रेघ मुळीच नसली म्हणून बाटली फार जुनी असं मात्र नाही, कारण वाइनच्या कित्येक बाटल्या साच्यात फिरवून काढत आणि रेघ पुसली जाई. गोटीच्या बाटलीचं हिरम कॉडचं पेटंट १८७० च्या सुमाराचं. पोरं गोटीसाठी ती फोडत, म्हणून अख्खी मिळाली तर जपा. चिनीमातीवर नक्षीच्या नोंदणीचं चौकट-चिन्ह (पत्त्यातल्या चौकटसारखं) असेल तर १८४२ ते १८८३, ‘आरडी’ म्हणजे नोंदणी क्रमांक असेल तर १८८४ नंतरची, नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलेलं साधारण १८९१ पासूनचं. लोणच्याच्या बरणीसारख्या मातीच्या जिंजर बिअरच्या बाटल्यांवर बुडाजवळ कुंभाराचा ठसा दाबलेला असतो, तो चुकवू नका.

धुताना कोमट पाणीच वापरा. थंडीतून आणलेली काच गरम पाण्यात तडकते. दोन-तीन दिवस भिजवा, मग ब्रश. पांढरा चुनखडी थर सायट्रिक ॲसिडनं निघतो. इंद्रधनुषी झळाळी म्हणजे काचेचाच झिजलेला पापुद्रा, ती धुऊन जात नाही आणि मला तर ती ठेवलेलीच आवडते. चिनीमातीला ब्लीच लावू नका. क्षार आत शिरून वाळताना झिलई उडवतात.

पुण्याचं विचाराल, तर नको. गोटी सोडा आणि जिंजर बिअर तिथल्या पारशी सोडावाल्यांकडे होती, अर्देशीर १८८४ पासूनचे, त्यामुळे जुन्या बाटल्या आहेत हे खरं. पण १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरांना कळवावं लागतं, शंभर वर्षांवरची ऐतिहासिक मोलाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित स्मारकाच्या भोवती खणण्याचा तर विचारही नको. भावाला खणण्याऐवजी जुन्या बाजारात फिरायला सांगा. तिथं बाटली विकत घेताना ओठाच्या आतली रबराची खाच, गळ्याचा चिमटा आणि गोटी अडवणारे दोन उंचवटे बोटानं तपासायचे. गोटी हलवल्यावर ती मोकळी खुळखुळली पाहिजे.