पानं भरपूर, फळं तीन: गॅलरीतली स्ट्रॉबेरी आणि आरओची बादली

ताई, तुमचा प्रश्न वाचला, फोटोही नीट पाहिले. पुण्यात बावधनला सातव्या मजल्यावरची गॅलरी, डिसेंबरच्या मध्याला ऑनलाइन मागवलेली सहा रोपं, आणि आता जानेवारी संपत आला तरी फळं तीनच, तीही वाकडीतिकडी. कोवळी पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. 'कुठलं खत घालू?' असं तुम्ही विचारलंय. सध्या कुठलंच नको. तुम्ही जाताजाता लिहून गेलात की आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालते. माझ्या मते सगळं दुखणं त्या बादलीत आहे.

आरओचं यंत्र पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, प्यायच्या पाण्यातून काढून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सोडतं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते मुळातच जड, त्यात ही भर. फरशी पुसायला, गाडी धुवायला ते उत्तम. बोगनवेल, कोरफड तेही निभावून नेतात. स्ट्रॉबेरी मात्र क्षारांच्या बाबतीत फार नाजूक. तिला मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट ते मोजायचं माप) साधारण 5.5 ते 6.5 लागतो. जड पाण्याने तो वर चढत जातो, आणि मग मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. हिरव्या शिरांची पिवळी पानं ही त्याचीच खूण. पानांच्या कडा करपायला लागल्या की समजायचं, क्षार आणखी साठलेत.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. पहिल्या वर्षी करपलेल्या कडा पाहून मला वाटलं, पाणी कमी पडतंय. म्हणून तेच पाणी दुप्पट घातलं. कुंडीच्या काठावर पांढरा थर जमला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बारापैकी नऊ रोपं तोवर गेली होती.

तर आधी महापालिकेचं पाणी मिळवा. खडकवासल्याचं पाणी त्या मानाने पुष्कळ सौम्य असतं. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्या, आणि चार दिवसांनी पुन्हा एकदा तसंच करा. खालची ताटली काढून टाका, नाहीतर धुतलेले क्षार परत वर. मग चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी, पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मी, संध्याकाळी. पिवळी झालेली जुनी पानं पाहत बसू नका, नवं पान कोणत्या रंगाचं येतंय ते बघा. आणि कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट न धुता वापरली असेल, तर क्षार तिथूनही आलेले असू शकतात.

वाकड्या फळांचं कारण वेगळं. स्ट्रॉबेरीवर दिसणाऱ्या त्या बारीक बिया हीच खरी फळं. आपण खातो तो फुलाचा फुगलेला देठाकडचा भाग. जिथल्या बीला पराग मिळतो तिथला गर फुगतो, न मिळालेल्या जागा तशाच आखडून राहतात. सातव्या मजल्यावर मधमाश्या क्वचितच फिरकणार. त्यामुळे ते काम तुमचं. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, दव सुकलं की मुलांच्या रंगपेटीतला मऊ ब्रश प्रत्येक फुलावर गोल फिरवायचा. फूल ताजं असेतो दोन-तीन दिवस. फुलापासून लाल फळापर्यंत साधारण महिना जातो, तेव्हा लगेच निकाल मागू नका.

आता थोडं कटू. तुमची लागवड उशिरा झाली. महाबळेश्वर-पाचगणीकडे (तिथल्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं) रनर (जुन्या झाडाच्या लांब दोऱ्यांवर फुटलेली रोपं) सप्टेंबर-ऑक्टोबरात जमिनीत जातात. थंडी पडायच्या आत मुळं बसली, गाभा (मुळांच्या वरचा, पानं फुटतात तो आखूड खोडाचा भाग) जाड झाला, की दिवस लहान आणि रात्री गार होताना झाड फुलावर येतं. पुण्यात मी पाऊस उघडला की दसऱ्याच्या आसपास लावतो. ऑक्टोबरचं ऊन मारकं असतं, म्हणून पहिले आठ दिवस हिरवी नेट. पहिली फुलं खुडतो, जीव हळहळतो तरीही. डिसेंबरमधल्या रोपाला ही तयारी करायला सवड मिळत नाही, आणि मार्चच्या मध्याला तर आपल्याकडे उन्हाळाच. यंदा रोपामागे मूठभर फळं मिळाली तरी गोड मानून घ्या. लांब दोरे फुटतील ते लगेच कापा.

एका फोटोत गाभा मातीत गाडलेला दिसतोय. तो मातीच्या बरोबर वर हवा. गाडला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं सुकतात. बोटाने माती बाजूला करा आणि खाली भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट पसरा, म्हणजे फळ ओल्या मातीला टेकणार नाही. फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की पानांखाली लाल कोळी (रस शोषणारी अगदी बारीक कीड) येतो. पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारत राहिलं तर घरगुती सहा रोपांना औषधाची गरज सहसा पडत नाही. बुलबुलांसाठी मात्र जाळी हवीच. फळ लाल झाल्याचं त्यांना आपल्याआधी कळतं.

फळ तोडायची घाई करू नका. स्ट्रॉबेरी तोडल्यावर रंग धरते, गोडी वाढत नाही. देठाजवळचा पांढरा भाग लाल होऊ द्या, मग सकाळी देठासकट कापा. पुढच्या वर्षी जात निवडायची असेल तर घरासाठी स्वीट चार्ली किंवा विंटर डॉन. कॅमारोसाचं फळ टणक, दूर पाठवायला चांगलं; आपल्याला गॅलरीतून स्वयंपाकघरापर्यंतच न्यायचंय.

तुम्ही विचारलेलं ते निळ्या स्ट्रॉबेरीचं बी कृपया मागवू नका. निळी स्ट्रॉबेरी नसते.

राहिला शेवटचा प्रश्न, हीच रोपं पुढच्या वर्षी ठेवता येतील का. मी तीनदा प्रयत्न केला. दोनदा मे महिन्याने नेली. तिसऱ्यांदा पूर्वेच्या खिडकीत, कुंड्यांना ओलं गोणपाट गुंडाळून चार रोपं जगवली, तर जुलैच्या पावसात त्यांचा गाभा कुजला. आता फळं संपली की रोपं सरळ उपटतो, माती धुऊन घेतो आणि त्याच कुंड्यांत तांदुळजा टाकतो.