सेफ्टी ऑफिसर म्हणजे नुसती हेल्मेटची हजेरी नव्हे

प्रश्न: मुलाने सिव्हिलचा डिप्लोमा केला. वर्षभर घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरवर सुपरवायझर आहे. आता म्हणतो, कामगारांच्या सुरक्षिततेचं काम करायचंय. 'हेल्मेट घाला' म्हणत फिरण्यात कसलं करिअर?
– एक पालक, कळवा

नमस्कार. हेल्मेटवरून ओरडणं हा त्या कामातला सगळ्यात सोपा भाग. चिरंजीवांना विचारा, त्यांच्या साइटवर कामगार हार्नेसचा (पडण्यापासून वाचवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांचा) हुक कुठे अडकवतात? पायाजवळच्या सळईला अडकवत असतील, तर हिशेब असा. दोर 1.8 मीटरचा, पाठीवरची कडी पायापासून साधारण दीड मीटर वर. तोल गेला की कडी आधी दीड मीटर हुकापर्यंत येते, मग आणखी 1.8 मीटर खाली जाते. झाले 3.3 मीटर, आणि मजला जेमतेम 3 मीटरचा. हार्नेस अंगावर असूनही माणूस खालच्या स्लॅबवर आदळतो. हुक डोक्याच्या वर हवा असेल तर लाइफलाइन (हुक अडकवायचा दोर) कुठे बांधायची हे शटरिंग, म्हणजे स्लॅबचा साचा, लावतानाच ठरवावं लागतं. हे सिव्हिल शिकलेल्या माणसाचंच काम आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये ठाण्यातल्या बाळकुमला 40 मजली इमारतीची बांधकाम लिफ्ट कोसळून 7 कामगार गेले. ते गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग उरकून खाली येत होते. हेल्मेटने तिथे काय होणार?

घाई मात्र नको. बांधकाम कामगारांविषयीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांनुसार सेफ्टी ऑफिसर व्हायला डिप्लोमाधारकाला बांधकामावर सुपरवायझर म्हणून 5 वर्षांचा अनुभव लागतो (पदवीधराला 2), शिवाय औद्योगिक सुरक्षेची पदविका, तीही बांधकाम सुरक्षेच्या पेपरसह. ती शीवच्या केंद्रीय कामगार संस्थेत करता येते. कळव्याहून स्लो लोकल सरळ शीवला जाते. तोवर परांची, खोदकाम आणि क्रेन ही तीन कामं त्याच्या हाताखालून जाऊ द्या. खड्ड्याच्या काठावर मातीचा ढीग का टाकत नाहीत, हे एकदा पाहिलं की पक्कं कळतं: घनमीटरभर माती दीड टनाच्या वर भरते, त्या भाराने काठ ढासळतो. मागणी कमी होणार नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 500 किंवा जास्त कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता, कामाच्या जागच्या सुरक्षेविषयीच्या नव्या संहितेत ती मर्यादा 250 आहे.

नोकरी घेताना पगाराआधी एक विचारायला सांगा: काम थांबवण्याचा अधिकार लेखी मिळतो का? रिपोर्टिंग प्रोजेक्ट मॅनेजरकडेच असेल, तर स्लॅब ओतण्याच्या आदल्या रात्री 'थांबा' म्हणणं जड जातं. उचल घेऊन आलेला बिगारी तर 'नाही' म्हणतच नाही.

आणि एक काम आजच करता येईल. गेल्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या 18 ते 60 वयाच्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. अडतं ते बहुधा त्या 90 दिवसांच्या ठेकेदाराच्या दाखल्यापाशी. आपल्या साइटवर किती जणांचे दाखले राहिलेत, हे मुलाने याच आठवड्यात मुकादमाकडून काढावं.